उजेडाक कसली घाई

घरात शिरली की ती आधी खिडकीकडे जायची. बाळंतिणीकडे नंतर. दोन्ही फळ्या ओढून घ्यायची, कडी लावायची आणि फळ्यांमधली फट जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बुजवायची. मग स्टुलावर चढून डोक्यावरचा बल्ब पदरात धरून काढायची आणि दारात घुटमळणाऱ्या नवऱ्याच्या हातात द्यायची. "सांभाळून ठेव. बारशाक लाय."

मी खिडकी उघडायला पुढे झाले की माझे मनगट धरायची. "उजेडाक कसली घाई गो बाय? जल्मभर आसा मगे तो."

उजेडाला कसली घाई, जन्मभर आहेच की तो. हे वाक्य मी चार वर्षे ऐकले. त्याला उत्तर देणे मी पहिल्या सहा महिन्यांतच सोडून दिले होते.

गाव पेडणे तालुक्यातले. पार्से आणि चोपडे यांच्या मधे कुठेतरी, एवढेच सांगते. नाव सांगत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसे अजून तिथेच राहतात. गोवा घटकराज्य व्हायच्या चार-पाच वर्षे आधी मी तिथे नर्स म्हणून लागले. दोन खोल्यांचे उपकेंद्र, एक वजनकाटा, एक स्टोव्ह आणि फिरायला सात वाडे. माझे वय तेव्हा सव्वीस. तिचे साठ असेल, पासष्टही असेल. तिला स्वतःला ठाऊक नव्हते. ती गावची सुईण. आमच्याकडे वैजीण म्हणतात. पण गाव तिला आजीच म्हणायचा, कारण गावातल्या बहुतेकांना या जगात पहिला हात लागला होता तो तिचा.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. बुटकी, काटक, कमरेला तंबाखूची चंची, चालताना सतत स्वतःशी काहीतरी पुटपुटणारी. तिच्यात वेगळे होते ते हात. शाळकरी मुलीचे असावेत इतके लहान. कोणी त्यांच्याकडे बघितले की ती ते पुढे करून दाखवायची. "देवान हात ल्हान दिले, म्हणान ह्या काम दिला. मोठे दिले असते तर भात कांडूक लायला असता."

माझे खिडक्यांचे वेड निराळ्या कारणाने होते. मी मूळची डिचोली तालुक्यातल्या पाळी गावची. वडील खाणीवर ट्रक चालवत. घरावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, लाल धूळ भातावर, पाण्यावर, कपड्यांवर बसायची, म्हणून आई खिडक्या उघडूच द्यायची नाही. मी बंद खिडक्यांच्या घरात वाढले. नर्सिंगच्या शिक्षणात पहिल्याच आठवड्यात 'उजेड आणि खेळती हवा' हा धडा आला तेव्हा मला वाटले, हा धडा माझ्यासाठीच लिहिला आहे. आणि नोकरीला लागले तर पुढ्यात ही.

पण तिला अडाणी समजू नका. मी यायच्या आदल्या वर्षी गावात दोन बाळे धनुर्वाताने गेली होती. नाळ कोयतीने कापायची पद्धत होती. मी तिला ब्लेड आणि दोरा उकळायला शिकवले, तर तिने ते एकदाच बघितले आणि पुन्हा कधी विचारले नाही. पेडण्याला सुईणींचे शिबिर झाले तेव्हा सरकारने तिला अॅल्युमिनियमचा डबा दिला. ती तो डबासुद्धा उकळायची. त्याच शिबिरात डॉक्टरांनी सगळ्यांना विचारले, "बाळंतिणीच्या घरी गेल्यावर सर्वांत आधी काय करणार?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हात धुतलंव." ही म्हणाली, "जनेल धापतलंय." जनेल म्हणजे खिडकी. डॉक्टर हसले, बायका हसल्या, तीही हसली. पण ती थट्टा करत नव्हती.

शेवटी आमचा करार झाला. उपकेंद्राच्या पायरीवर बसून, अगदी दोन माणसांत होतो तसा.

"आजी, उकळलेला ब्लेड, उकळलेला दोरा, साबणान हात. ह्या माझा आयकतलंस?"

"आयकतंय. मगे जनेल माझा."

"बाराव्या दिसापर्यंत?"

"बाराव्या दिसापर्यंत. थय तू बोट घालूचा नाय."

मी कबूल झाले. हिशेब सरळ होता. धनुर्वाताने बाळ मरते. काळोखाने कोणी मरत नाही, असे मी त्या पायरीवर मनात म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते.

आणि खरोखरच, त्यानंतर चार वर्षांत गावात धनुर्वाताचे एकही बाळ गेले नाही. वरिष्ठांनी माझे कौतुक केले. मी ते गावात येऊन तिला सांगितले, तर म्हणाली, "माका काय मेळतला?" मी तिला एक नवे लुगडे घेतले. जुने तिने फाडून चिंध्या केल्या. कशासाठी ते तुम्हाला कळलेच असेल.

श्रावणात देवळात दुपारी पोथी असायची. निवृत्त शिक्षक होते एक, गावाचे मास्तर, ते वाचायचे. पोथी वाचताना शाळेतली शुद्ध मराठी, आणि चिडले की आमची सगळ्यांची बोली. पोथीत दिवा आला, ज्योत आली, सूर्य उगवला, की मास्तर वाचन थांबवून चष्मा कपाळावर चढवत आणि बोट वर करत. "उजेड म्हणजे ज्ञान. काळोख म्हणजे अज्ञान." बायका माना डोलवत. मी मनातल्या मनात म्हणत असे, मास्तर, तुम्ही आणि मी एका पक्षाचे.

ती डाव्या बाजूच्या खांबाला टेकून बसायची. तिला वाचता येत नव्हते, पण अध्याय पाठ होते. मास्तरांचे बोट वर गेले की तिची मान उलट दिशेने हलायची. असे दोन-तीन दिवस चालायचे आणि मग ती तोंड उघडायची. अष्टमीचा अध्याय आला की हमखास.

"मास्तर, देव जल्मलो तो काळोखात कित्या?" देव काळोखातच का जन्मला, असे ती विचारायची.

"अगे, ती तिथीच तशी."

"राजाच्या वाड्यात मशाली होत्यो. थय कित्या नाय जल्मलो? दिवे विझले, पारेकरी न्हिदले, तेव्हा इलो. उजेडात इलो असतो तर राजान तेका थयच मारलो असतो. काळोखान तेका पोटाशी धरलो, नदीपार नेलो. आणि तुम्ही त्या काळोखाक अज्ञान म्हणतास?"

"ता रूपक आसा गो!" मास्तरांची शुद्ध मराठी संपलेली असायची.

"रूपक म्हणजे?"

"म्हणजे एक सांगूचा आणि दुसरा समजूचा."

"मगे मी दुसराच समजलंय," ती म्हणायची. मंडप हसायचा. मास्तर चष्मा नाकावर ओढून पुढची ओवी इतक्या जोरात वाचायचे की बाहेर झोपलेला कुत्रा उठायचा.

एकदा परत येताना मी तिला म्हटले, "आजी, मास्तरांक कित्या तरास दितंस?"

ती चालता चालता थांबली. "तरास नाय गो. तू सांग, पोटात दिवो आसता? नऊ म्हयने पोर काळोखात आसता. थय तेका कोण भियवता? कोणच नाय. मगे भायर येता आणि पयली गोष्ट काय? रडता. उजेड बघून रडता. म्हणान मी म्हणतंय, हळू. बारा दीस तेका तेच्याच घरात असल्यासारख्या वाटू दे."

माझ्या धड्यात याचे उत्तर नव्हते. आणि खरे सांगायचे तर मला ते पटले नाही तरी आवडले होते.

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. मराठी की कोंकणी यावरून घराघरांत भांडणे, भिंतींवर घोषणा, मधूनच रस्ता बंद. आमचा तालुका मराठीचा, त्यामुळे गावातल्या भिंती एकाच बाजूच्या होत्या. ती सगळी भांडणे ज्या बोलीत चालत ती तुम्ही वर वाचलीच. त्या बोलीला मराठी म्हणायचे की कोंकणी, यावरच तर भांडण होते. एका सभेनंतर तरुण मंडळी तिला विचारायला आली, आजी तू कोणाच्या बाजूची? ती म्हणाली, "पोरां जल्मताना खयच्या भाषेत रडतत, ता माका विचारा. मी सगळ्यांका आयकलंय." पोरे परत गेली. त्यांतल्या प्रत्येकाला तिने ऐकलेले होते.

त्याच वर्षीची गोष्ट. चैत्र होता, काजूच्या बोंडांचे दिवस. खालच्या वाड्यावरची एक मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा सावंतवाडीकडचा, पाळीच्या बाजूला खाणीवर कामाला. पहिली मुलगी धडधाकट. मी तिला म्हापशाला जाऊन रक्तगट तपासून घ्यायला सांगितले होते. होडी, मग बस, मग रांग. आज जाते उद्या जाते करता करता दिवस भरले. मीही एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले नाही.

सकाळी दहाला मुलगी झाली. आजीने नाळ उकळलेल्या ब्लेडने कापली. बल्ब बाळाच्या आजोबांच्या हातात गेला. खिडकी बंद.

तिसऱ्या दिवशी मी तपासायला गेले. हा दिवस मी पुन्हा पुन्हा बघितला आहे, म्हणून नीट सांगते. खोलीत तेलाची पणती. पणतीचा उजेड पिवळा. बाळंतिणीच्या अंगाला हळद. बाळाला तेल-हळद चोळलेली, गुंडाळलेले कापड हळदीने पिवळे. माझ्या पिशवीत बॅटरी होती, ती बाळावर मारली. तिचे सेल उतरले होते. तिचाही उजेड पिवळाच. त्या खोलीत सगळेच एका रंगाचे होते. बाळ जरा झोपाळू वाटले. मी म्हटले, "आजी, जनेल जरा उघडूया?"

"उजेडाक कसली घाई?" ती म्हणाली. तिने मनगटसुद्धा धरले नाही. तिला माहीत होते, मी करार मोडणार नाही.

मला आणखी चार घरे होती आणि सव्वाअकराची बस होती. मी वजन घेतले, वहीत लिहिले आणि निघाले.

सहाव्या दिवशी सकाळी आजोबा धावत उपकेंद्रावर आले. तिनेच पाठवले होते. बाळ अंगावर पीत नव्हते. रडणे बारीक, तार ओढल्यासारखे. पाठ मागे कमानीसारखी वळत होती. मी आत गेले ती सरळ खिडकीकडे. चिंध्या ओढून काढल्या, कडी काढली, फळ्या ढकलल्या. ती बाजूला सरकली.

ऊन आत आले आणि आम्ही सगळ्यांनी बघितले. बाळ पिवळे होते. तळपायापर्यंत. पिकलेल्या काजूच्या बोंडासारखे.

"हळद ती," ती म्हणाली. तिने ओले फडके घेतले आणि बाळाची छाती पुसली. फडके पिवळे झाले. "बघ, हळद." पुन्हा पुसली. फडके कमी पिवळे झाले. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा फडके पांढरेच राहिले आणि छाती तशीच पिवळी. ती तरी पुसतच होती, त्या लहान हातांनी, हलके, कातडीला लागू नये असे. "हळद गो ती. हळद." मी बाळ तिच्या हातांतून काढून घेतले.

आईचे आणि बाळाचे रक्त जुळत नव्हते, त्यामुळे बाळाला कावीळ खूप चढली होती. पहिल्या तीन दिवसांत कळले असते तर पणजीला नेऊन वाचवता आले असते. खिडकीतला उजेड हे काही त्यावरचे मोठे औषध नव्हते, हे मला सांगितले पाहिजे. एवढी चढलेली कावीळ खिडकीतल्या उन्हाने उतरली नसती. पण उजेडात ती दिसली असती. बस्स, एवढेच. उजेडाचे काम तेवढेच होते आणि तेवढेच आम्ही त्याला करू दिले नाही.

चोपड्याला फेरीबोट उभी होती. बाळाची आई, मी आणि ती. भर उन्हात, बोटीच्या कठड्याशी उभी राहून तिने बाळाच्या अंगावरचे सगळे कापड काढले आणि ते दोन्ही हातांवर उन्हात धरले. पाण्यावरून येणारा उजेड बाळाच्या पोटावर हलत होता. "बघ गो बाय, बघ. हो बघ उजेड." बोटीतली माणसे बघत होती. आईने तोंडात पदर कोंबला होता. मी म्हटले, "आजी, कापड घाल, वारो लागतलो." तिने ऐकले नाही. पलीकडचा काठ येईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.

पणजीच्या मोठ्या इस्पितळात बाळाचे रक्त बदलले. मग त्याला काचेच्या पेटीत निळसर नळ्यांखाली ठेवले. ती काचेला नाक लावून उभी होती. बाळ उघडेनागडे, चारी बाजूंनी उजेड, आणि डोळ्यांवर कापसाची पट्टी.

"डोळे कित्या बांधले?"

"उजेड भारी आसा. डोळ्यांक सोसाचो नाय."

"मास्तरांक सांगूक होया," ती म्हणाली. "असलो उजेड तेंच्या पोथीत नाय."

मुलगी जगली. डॉक्टरांनी जे करण्यासारखे होते ते केले, पण तीन दिवस उशीर झालेला होता आणि तो त्यांचा नव्हता. कावीळ मेंदूत गेली होती. मंगल नाव ठेवले तिचे. सहा महिन्यांची झाली तरी मान धरली नाही. टाळी वाजवली तर वळायची नाही. हात आपोआप पिळायचे, कोणी आतून दोरा ओढावा तसे. हे बदलणार नाही, असे मी घरच्यांना सांगितले. असे सांगणे माझे कामच असते. कोणीतरी सांगावे लागते.

त्यानंतर तिने एकही बाळंतपण केले नाही. अॅल्युमिनियमचा डबा उपकेंद्रावर आणून माझ्या टेबलावर ठेवला. उकळलेला होता, अजून कोमट होता.

मी तेव्हा म्हटले. म्हणायचेच होते मला. "आजी, चूक माझीय होती. तिसऱ्या दिसा मी थय होतंय."

"तुझी कसली?" ती म्हणाली. "ब्लेड तुझा, जनेल माझा. ठरलेला मगे."

मला ओरडली असती तर बरे झाले असते. ती करार पाळत होती. मी पाळला तसाच.

आणि मग ती रोज सकाळी खालच्या वाड्यावर जाऊ लागली. साडेसातच्या सुमाराला ऊन अंगणात उतरले की ती मंगलला आतून उचलून आणायची, चटईवर ठेवायची आणि शेजारी बसायची. अंगणाच्या कडेला दोन माड आहेत. त्यांची सावली सरकत यायची. ती मंगलच्या पायांना टेकली की ही उठायची, चटई दोन हात उन्हात ओढायची, पुन्हा बसायची. दहा वाजेपर्यंत. पावसाळ्यात ओसरीच्या कठड्याशी, जेवढा उजेड येईल तेवढ्यात. तेल चोळायची, पण हळद नाही. हळदीला तिने त्या मुलीजवळ येऊ दिले नाही.

एक दिवस मी तिथून जात होते. ती म्हणाली, "बाय, आता उजेडान गुण येतलो काय गो? रोज अडीच तास?"

माझ्या व्यवसायात खोटे बोलायची एक पद्धत असते. बघूया, प्रयत्न करूया, देवाच्या हातात. मला ती जमत नाही. मी म्हटले, "नाय आजी. आता उजेडाचा काय उपेग नाय."

"बरा," ती म्हणाली. सावली आली होती. तिने उठून चटई ओढली.

त्या श्रावणात ती पोथीला आली. खांबाला टेकून बसली. मास्तरांनी बोट वर केले, उजेड म्हणजे ज्ञान म्हणाले, तिची मान हलली नाही. अष्टमीचा अध्याय आला. देव काळोखात जन्मला. मास्तर थांबले. चष्मा कपाळावर घेतला आणि खांबाकडे बघितले. सगळ्या बायकांनी बघितले. ती जमिनीकडे बघत होती. मास्तर थोडे अधिक थांबले. भांडण व्हावे म्हणून इतक्या आशेने वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी त्यांनी पुढे वाचायला सुरुवात केली, हळू आवाजात.

पोथी गुंडाळताना ती त्यांच्याकडे गेली. मी पाठीमागेच होते.

"मास्तर, काळोख घालवूक पोथीत काय सांगलाहा?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "दिवो! ज्ञानाचो दिवो. दिवो लायलो की हजार वर्सांचो काळोख एका क्षणात जाता."

"आणि दिवो उशिरा लायलो तर?"

मास्तरांनी गुंडाळलेली पोथी पुन्हा सोडली. पाने उलटली. पुढे गेले, मागे आले. तिने शांतपणे वाट बघितली. "ता..." ते म्हणाले, "ता बघून सांगतंय."

दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी गेले. सालदाटी केळ्यांचा एक घड घेऊन गेले आणि ठेवून आले. उत्तर नव्हते. त्यांनी आयुष्यभर पोथी वाचली होती आणि त्यांना ते सापडत नव्हते, हे मला त्यांच्या परतीच्या चालीवरून कळले.

पुढच्या वर्षी गोवा घटकराज्य झाला. गावात मिरवणूक निघाली. ती अंगणात चटई ओढत होती तेव्हा ताशे अंगणापर्यंत ऐकू आले. मंगलला नाही ऐकू आले. थोड्याच दिवसांत माझी बदली डिचोली तालुक्यात झाली, माझ्याच माणसांत. जायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. तिने माझे मनगट धरले, पूर्वीसारखे. मनगट धरूनच तिने माडाच्या सावलीकडे बघितले. अजून वेळ होता.

नव्या ठिकाणी मी पहिल्या दिवसापासून खिडक्या उघडायला लावल्या. कोणाशी करार केला नाही. माझ्या तिथल्या सुईणी माझ्यामागे मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे. त्या म्हणायच्या, हिला कसली घाई असते?

सात वर्षांनी पेडण्याला एका बैठकीला जायचे होते. वाट वाकडी करून मी त्या गावात गेले. आजी आदल्या पावसाळ्यात गेली होती. मंगलच्या आईने सांगितले. ती आता माहेरीच राहत होती. नवऱ्याच्या गावी या मुलीला कोण बघणार? आजीला ताप होता आठ दिवस, तरी सातव्या दिवसापर्यंत ओसरीवर येऊन बसायची. आठव्या दिवशी आली नाही, म्हणून बघायला गेले तर गेलेली. "खोलीचा जनेल सताड उघडा होता," मंगलची आई म्हणाली. "पावस आत येय होतो. आंथरूण भिजला होता."

मंगलची आई काजूच्या बागेत कामाला निघाली होती. तिला जावेच लागे. आजोबा आत झोपलेले, त्यांना आता उठता येत नव्हते. तिने मंगलला उचलून अंगणात आणले, चटईवर ठेवले, सवयीने. "घरात ठेवलंय तर किंचाळता," ती म्हणाली. "ह्याच वेळार उजेड होयो तिका." आणि डोक्याला फडके बांधून ती गेली.

मंगल आठ वर्षांची झाली होती. वजन चार वर्षांच्या मुलीचे. मी तिचे हातपाय बघितले, पाठीला जखमा आहेत का बघितले. नव्हत्या. माझे बघायचे ते बघून झाले. मी जायला उठले.

तेवढ्यात माडाची सावली तिच्या पायांना लागली. मंगलने आवाज केला. शब्द नाही, घशातून आलेला एक लांब आवाज. आणि मान, जी तिला नीट धरता येत नव्हती, ती मोठ्या कष्टाने वळवून ती वाटेकडे बघू लागली. कोणी येत नव्हते. तिने पुन्हा आवाज केला.

मी चटई धरली आणि दोन हात उन्हात ओढली. ती गप्प झाली.

मी शेजारी बसले. पाऊण तासात सावली पुन्हा आली. मी पुन्हा ओढली. सव्वाअकराची बस गेली, ती मी गावाच्या वळणावर हॉर्न वाजवताना ऐकली. साडेबाराची गाठली नसती तर बैठक चुकली असती, आणि मला बैठक चुकवता येत नव्हती. मी चटई आणखी एकदा ओढली, जेवढी ओढता येईल तेवढी, अंगणाच्या पार टोकापर्यंत. मग पिशवी घेतली.

वाटेवरून वळून बघितले तेव्हा सावली तिच्या पावलांपासून वीतभर होती.